एका पानात

एडिंबराहून पत्र आलं: सनद परत पाठवावी,
सोबत लॉजचा इतिहास, शक्यतो एका पानात.
पान मोठं घ्यावं की अक्षर बारीक काढावं
या विचारात माझा चहा दोनदा गार झाला.

दोनशे सात वर्षं. अकरा वह्या.
पहिली समुद्राचं पाणी प्यायलेली,
पानं एकमेकांना धरून बसलेली, पिंपातल्या हेरिंगसारखी;
मासळीच्याच सुरीनं सोडवली.

स्थापना टॅमस इझबिस्टरच्या पिंपांच्या कोठारात.
सात जण हवेत असा नियम, जमले सहा.
मग धक्क्यावरून एक डच खलाशी उचलून आणला.
त्याला काय कळलं देव जाणे,
सही मात्र सगळ्यांत वळणदार त्याचीच.

आम्ही म्हणवायचो गवंडी.
होतो नावाडी, पिंपं बांधणारे, एक शाळामास्तर, दोन दारूविके.
हाताला खरा चुना लागलेला एकटा यूनसन हेडल.
सन १८३४ मध्ये त्यानं ही इमारत उभी केली
आणि पहिल्याच हिवाळ्यात छत गळलं.
हेडल म्हणाला, भिंत माझी, छत सुताराचं.
सुतार आमच्यातला नव्हता.
ठराव सुताराविरुद्ध झाला, एकमतानं.
गळणं मात्र तेव्हापासून आमच्या पाचवीला पुजलेलं.

लोक विचारतात, दाराआड काय चालायचं?
बायकोनं चाळीस वर्षं विचारलं,
तिला मी ताकाला तूर लागू दिली नाही.
आता ती नाही, तर सांगतो: कोळसा.
कोळशाचं बिल, मेणबत्त्यांचं बिल,
कुणी कुणाचं जाळं कापलं त्यावरून अबोला,
बुडालेल्याच्या विधवेला दोन पोती ओट,
आणि वायव्येचा वारा सुटला की
मास्तरांच्या खुर्चीमागे एक बादली.

सुरुवातीला आकृत्या जमिनीवर काढत, खडूनं:
दोन खांब, सात पायऱ्या, सूर्य, चंद्र, डोळा.
सभा उठली की पुसून टाकायच्या.
वहीत लिहिलंय, ‘फरशी पुसणारीला, चार पेन्स.’
नाव नाही.
दारात नंगी तलवार घेऊन पहारेकरी,
आणि सगळं गुपित तिच्या फडक्यात.
एकोणतीस वर्षं, दर महिन्याला, चार पेन्स.
एकदाच सहा.
मार्च १८५१. कारण दिलेलं नाही.
त्या महिन्यात हजेरी एकोणीसावरून अकरावर आलेली,
सेक्रेटरीचं अक्षर बदललेलं.
समुद्राबद्दल चकार शब्द नाही.
मी दफनभूमीत जाऊन दगड वाचून आलो.
आठ जणांची तारीख एक. तिथे कुणी पुरलेलं नाही, नुसती नावं.
पुसणारीचं त्यांत कोण होतं, ते मला सापडलं नाही.

पहिल्या महायुद्धात दालन आरमाराला दिलं.
पोरं गेली, एक तोंडाचा बाजा राहिला.
पुढच्या प्रत्येक यादीत तो आहे:
‘बाजा, एक, बेवारशी.’
पंच्याण्णव वर्षं आम्ही त्याची धूळ झटकली.
वाजवला कुणीच नाही. आमचा नव्हता.

गेल्या नोव्हेंबरात तिघं उरलो.
रॉग्नवाल्ड फाउबिस्टर प्राणवायूची नळी नाकात घालून आला,
पायऱ्या चढायला त्याला पाव तास लागला.
नियम सातांचा, म्हणून सात खुर्च्या मांडल्या.
चार रिकाम्यांना कुणी अनुपस्थित लिहावं
यावर थोडा वाद झाला.
बरं वाटलं. जुन्या सभेसारखं.

पत्रात यातलं काही नाही.
स्थापना, इमारत, मास्तरांची नावं, कळावे.
एका पानात बसलं, खाली दोन बोटं जागाही उरली.

इमारत ग्लासगोच्या एका जोडप्यानं घेतली,
ते साबण बनवणार आहेत.
पोरगी गोड होती. तिनं हळूच विचारलं,
‘काही गुपितं आहेत का इथली? आम्हाला सांगता येतील अशी?’
नाही म्हणालो, किल्ली दिली.
बादली मी घरी घेऊन आलोय.
वारा अजून नैर्ऋत्येचा आहे.